नाताळची एक गोष्ट आणि तिचे प्रेक्षक

न्यूयॉर्क शहरांत रेडिओ सिटी म्यूझिक हॉल या नांवाचें एक विशाल प्रेक्षागृह आहे. नाताळच्या दिवसांत मुलाबाळांना घेऊन तेथें जाण्याची त्या शहरांतील कुटुंबांची जुनी चाल आहे. १९५१ सालच्या नाताळांत इंग्लंडहून आलेला एक बोलपट तेथें दाखवावा असा विचार चालला होता. गोष्ट चार्ल्स डिकन्सची; सर्वांच्या परिचयाची, सणाला शोभणारी आणि गोड शेवटाची. तरीहि चालकांनीं तो बोलपट नाकारला. तो फार उदास आहे, फार गंभीर आहे, आणि सणासुदीला घरांतल्या लहानथोरांनीं एकत्र बसून पाहावी अशी करमणूक त्यांत नाहीं, असें त्यांचें मत पडलें. अखेर २८ नोव्हेंबर १९५१ रोजीं तो जवळच्याच गिल्ड नांवाच्या, त्याहून पुष्कळ लहान अशा थिएटरांत प्रथम दाखविण्यांत आला.

ज्या पाहुण्याला सणाच्या दारावरून परत पाठविलें, तोच पुढें दरवर्षीं मानानें बोलावला जाऊं लागला. टेलिव्हिजनचा प्रसार झाल्यावर हा बोलपट डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील घराघरांत दिसूं लागला, आणि डिकन्सच्या या गोष्टीवर जीं अनेक चित्रें निघालीं त्यांत हेंच सर्वांत सरस, असें म्हणणारांची संख्या वर्षागणिक वाढत गेली. चित्र तेंच, नट तेच, काळोखहि तोच. मग बदललें तें काय? या प्रश्नाचा धागा धरून प्रेक्षकांचीं परस्परविरुद्ध मतें तपासून पाहिलीं, तर सणाच्या गोष्टीकडून माणसाला नेमकें काय हवें असतें, हें कळण्यास मदत होते.

या बोलपटाचें नांव 'स्क्रूज'. अमेरिकेंत तो मूळ पुस्तकाच्या म्हणजे 'ए ख्रिसमस कॅरल' या नांवानें दाखविला गेला. दिग्दर्शक बेलफास्टचे ब्रायन डेस्मंड हर्स्ट, पटकथा नोएल लँगली यांची, संगीत रिचर्ड अॅडिन्सेल यांचें. वॉल्टन-ऑन-थेम्स येथील नेटलफोल्ड स्टुडिओंत त्याचें चित्रण झालें. लांबी ८६ मिनिटांची, आणि रंग म्हणाल तर केवळ काळा आणि पांढरा. कृपण एबनेझर स्क्रूजची भूमिका अॅलिस्टर सिम यांनीं केली. १९०० सालीं एडिंबरो येथें जन्मलेले सिम हे तोंवर मुख्यतः विनोदी नट म्हणून लोकांच्या परिचयाचे होते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

मूळ कथेचें सूत्र थोडक्यांत असें आहे. लंडनमधील स्क्रूज हा पैशाखेरीज कशावरहि प्रेम न करणारा म्हातारा. नाताळच्या आदल्या रात्रीं, सात वर्षांपूर्वीं वारलेला त्याचा भागीदार मार्ले साखळदंड ओढीत त्याच्यापुढें उभा राहतो, आणि त्याच्या मागून गत, वर्तमान व भावी नाताळचे तीन आत्मे येतात. आपलें सरलेलें आयुष्य, आपल्या कारकुनाचें गरीब पण मायेचें घर, आणि कोणीहि न हळहळणारें आपलें मरण, हें सारें पाहून सकाळीं उठलेला स्क्रूज पूर्वीचा राहिलेला नसतो.

डिकन्सनें ही कथा १८४३ सालीं सुमारें सहा आठवड्यांत लिहिली. १९ डिसेंबर रोजीं पुस्तक बाहेर पडलें आणि पहिल्या आवृत्तीच्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत खपून गेल्या. परंतु केवळ सणाची भेट म्हणून ती लिहिलेली नव्हती. कारखान्यांत राबणाऱ्या मुलांच्या स्थितीविषयींचा सरकारी अहवाल त्याच वर्षीं त्याच्या वाचनांत आला होता. गरिबाच्या मुलाची बाजू मांडणारें एक पत्रक काढावें असें त्यानें प्रथम योजिलें. मग तो बेत सोडून त्यानें कथेचा मार्ग धरला. १८२४ सालीं त्याचा बाप कर्जापायीं मार्शलसीच्या तुरुंगांत पडला होता, आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांच्या काळ्या रोगणाच्या कारखान्यांत डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत बसावें लागलें होतें. म्हणून ही गोष्ट वरून भुताखेतांची दिसली तरी तिच्या मुळाशीं एक रोखठोक हिशेब आहे. कोण कोणाचें किती देणें लागतो, याचा तो हिशेब होय.

चित्रपटाला या कथेचा मोह फार लवकर पडला. आर. डब्ल्यू. पॉल यांनीं १९०१ सालींच तिच्यावर एक छोटा मूकपट काढला होता. १९३५ सालीं सेमोर हिक्स यांचा इंग्रजी बोलपट आला. त्यांत मार्लेचें भूत प्रेक्षकांना दिसत नाहीं, नुसता त्याचा आवाज ऐकूं येतो. १९३८ सालीं हॉलिवुडच्या एम. जी. एम. कंपनीनें रेजिनाल्ड ओवेन यांना घेऊन जो बोलपट काढला, तो मात्र घरगुती जिव्हाळ्यानें भरलेला होता. अवघ्या ६९ मिनिटांच्या त्या चित्रांत मृताच्या खोलींतील पडदे व चादरी चोरून विकणारीं माणसें नाहींत, तरुणपणीं स्क्रूजला सोडून जाणारी त्याची वाग्दत्त वधू नाहीं, आणि 'अज्ञान' व 'दारिद्र्य' या नांवाचीं तीं दोन खंगलेलीं मुलेंहि नाहींत. जें जें टोंचेल तें तें काढून टाकलें, आणि बर्फ, भाजलेला पक्षी व हंसरीं मुलें तेवढीं ठेविलीं. अमेरिकन प्रेक्षकाच्या मनांत या कथेचें हेंच रूप ताजें असतांना १९५१ चा 'स्क्रूज' त्याच्यापुढें आला.

तेव्हां पहिलें मत तक्रारीचें पडलें यांत नवल नाहीं. 'व्हरायटी' या नाट्यव्यवसायाच्या पत्रानें हें चित्र लहान मुलांना किंचाळायला लावील अशा अर्थाचा अभिप्राय दिला. उलट 'न्यूयॉर्क टाइम्स' पत्राचे टीकाकार बॉस्ली क्राउदर यांनीं त्याची वाखाणणी केली. ज्यांना तें रुचलें नाहीं त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. मार्लेच्या भूमिकेंत मायकेल हॉर्डर्न यांनीं फोडलेला टाहो मोठ्या माणसाच्याहि अंगावर कांटा आणतो. खिडकीबाहेर बर्फांत तान्हें मूल घेऊन बसलेली एक बेघर बाई दिसते, आणि तिच्याभोंवतीं मृत धनिकांचीं भुतें तळमळत असतात. तिला कांहीं द्यावें असें त्यांना आतां वाटतें, पण देण्याची शक्ति मरणाबरोबर गेलेली असते. सणाच्या दिवशीं चांगले कपडे घालून आलेल्या कुटुंबाला हें दृश्य सुखावणारें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु तेंच दृश्य डिकन्सच्या पुस्तकांत आहे. चित्राचें समर्थन करणारे प्रेक्षक नेमकें येथेंच बोट ठेवतात. ते म्हणतात कीं सकाळचा आनंद हा रात्रीच्या भीतीचाच मोबदला आहे. ज्या स्क्रूजला कांहीं भोगावेंच लागलें नाहीं, त्याच्या हंसण्याला किंमत ती काय? १९३८ च्या चित्रांतील म्हातारा पहिल्या आत्म्याबरोबरच विरघळूं लागतो. पुढचे दोन आत्मे केवळ रीत म्हणून येतात. सिम यांचा स्क्रूज मात्र अखेरपर्यंत मागें मागें सरकत राहतो, आणि तोहि गर्वानें नव्हे. आपण आतां फार म्हातारे झालों, आपल्या हातून कांहीं होण्याची आशा नाहीं, कोणा तरुण माणसाचा उद्धार करा आणि आपल्याला सोडून द्या, अशी तो आत्म्यांची विनवणी करतो. हा बोलपट पुन्हां पुन्हां पाहणाऱ्या वयस्क प्रेक्षकांच्या मनाला जें लागतें तें हेंच. या माणसाला बदलण्याची इच्छा नाहीं असें नाहीं. आतां उशीर झाला अशी त्याची खात्री झाली आहे. लहानपणीं भुताला भिऊन हा बोलपट पाहिलेला मुलगा साठीला पोंचल्यावर तोच बोलपट पाहतो, तेव्हां त्याला भुताचें भय वाटत नाहीं. त्या विनवणीचें वाटतें. चित्र तेंच राहून प्रेक्षकांचें मत कां पालटलें, याचें एक उत्तर येथें सांपडतें.

दुसरा वाद पटकथेंत घातलेल्या नव्या प्रसंगांचा. पुस्तकांतील फॅन ही स्क्रूजची धाकटी बहीण आहे. लँगली यांनीं तिला थोरली केली. स्क्रूजला जन्म देतांना त्याची आई वारली, म्हणून बापानें त्याला कधीं क्षमा केली नाहीं. पुढें तीच बहीण मुलाला जन्म देऊन मरते, आणि स्क्रूजहि त्या भाच्याचा तसाच दुस्वास करूं लागतो. बहिणीच्या शेवटच्या घटकेला तो तिच्या उशाशीं असतो, पण तिचें अखेरचें मागणें ऐकण्यापूर्वींच खोलीबाहेर निघून जातो. आत्मा त्याला तें मागणें आतां ऐकवितो : माझ्या मुलाला संभाळ, एवढेंच तें होतें. आजवर त्या मुलाला दारांत उभें न करणाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा त्या क्षणीं कसा होतो, तें सांगण्यापेक्षां पाहण्याजोगें आहे.

पुस्तकावर निष्ठा असणाऱ्या प्रेक्षकांना ही भर मान्य नाहीं. त्यांचा आक्षेप असा कीं डिकन्सचा स्क्रूज हा एका समाजाचा प्रतिनिधि आहे. गरिबांसाठीं तुरुंग आहेत, कष्टशाळा आहेत, मग वर्गणी कशाला, असें विचारणारा तो एकटा नव्हता. त्या काळचे कित्येक प्रतिष्ठित गृहस्थ तसेंच बोलत असत. त्याला दुःखी बालपण जोडलें कीं सामाजिक पाप हें एका माणसाचें घरगुती दुखणें होऊन बसतें, आणि प्रेक्षक त्याची कींव करूं लागतो. जो कींव करतो, तो जाब विचारीत नाहीं.

मराठी प्रेक्षकाला हा आक्षेप एका निराळ्या बाजूनें समजण्यासारखा आहे. आपल्या रंगभूमीवर कृपण माणूस येतो तो बहुधा हंसें करून घेण्यासाठीं. आचार्य अत्रे यांचें 'कवडीचुंबक' हें मोलियरच्या १६६८ सालच्या 'लाव्हार' या प्रहसनावरून रचलेलें नाटक. मोलियरचा कंजूष शेवटपर्यंत बदलत नाहीं. त्याला आपली मोहरांची पेटी परत मिळाली कीं त्याची गोष्ट संपली. त्याच्या कृपणतेला कारण नको असतें, कारण त्यानें बदलावें अशी अपेक्षाच नसते. डिकन्सनें मात्र आपल्या कृपणाला बदलावयाचें ठरविलें, आणि जो बदलावयाचा तो कसा घडला हें दाखविण्याची जबाबदारी अंगावर येऊन पडते. पुस्तकांत ती जबाबदारी थोडक्यांत उरकली आहे; बोलपटानें ती विस्तारानें पार पाडली, एवढेंच.

शिवाय आक्षेप घेणारे नव्या प्रसंगांपैकीं अर्धेच लक्षांत घेतात. लँगली यांनीं स्क्रूजला दुःख दिलें, तसे त्यानें आपल्या हातानें केलेले सौदेहि दाखविले. जॉर्किन नांवाचा पुस्तकांत नसलेला एक गृहस्थ येतो आणि तरुण स्क्रूजला प्रेमळ फेझिविगच्या पेढीवरून अधिक पगारावर फोडून नेतो. तेथें त्याची मार्लेशीं गांठ पडते. पुढें फेझिविगचा धंदा बुडतो, आणि तो विकत घेणारे हेच दोघे असतात. जॉर्किननें कंपनीच्या पैशाचा अपहार केल्याचें उघडकीस येतें, तेव्हां हे दोघे तूट भरून देतात, पण त्याबदल्यांत कंपनीच घशांत घालतात. या सर्व व्यवहारांत कायद्याला धरून नाहीं असें ते कांहीं करीत नाहींत. त्यांचा प्रत्येक सौदा सभ्य आहे, प्रत्येकावर सही आहे. मार्ले मरणाला टेकला असा निरोप आला तरी स्क्रूज कचेरी बंद होण्याच्या वेळेपर्यंत उठत नाहीं. दुःख त्याला दैवानें दिलें. पण त्या दुःखाचें भांडवल करून माणसें खातेवहींत मांडावयाचीं, हें त्यानें स्वतः ठरविलें. बोलपट त्याला कींव देतो, पण सुटका देत नाहीं. या दृष्टीनें पाहिलें तर नवी भर मूळ हिशेबाशीं विसंगत नसून त्याच हिशेबाचीं आणखी कांहीं पानें ठरते.

तरीहि आक्षेपाचा एक अंश शिल्लक राहतो, आणि तो मान्य करणें योग्य होय. 'अज्ञान' आणि 'दारिद्र्य' हीं मुलें या बोलपटांत आहेत, परंतु मृत्युशय्यांचे प्रसंग मनांत इतके घर करून बसतात कीं त्या मुलांची आठवण फिकी पडते. डिकन्सला ज्यांच्यासाठीं पत्रक काढावयाचें होतें, तीं तर हींच मुलें.

तिसरें मत सिम यांच्या अभिनयाविषयीं. १९८४ सालीं जॉर्ज सी. स्कॉट यांनीं टेलिव्हिजनसाठीं हीच भूमिका केली. तिचे दिग्दर्शक क्लाइव्ह डॉनर हे १९५१ च्या बोलपटाचे संकलक होते, हा योगायोग लक्षणीय आहे. स्कॉट यांचा स्क्रूज भारदस्त, थंड आणि खराखुरा व्यापारी वाटतो, आणि तोच अधिक पटतो असें म्हणणारे प्रेक्षक पुष्कळ आहेत. सिम यांचे मोठे डोळे, खालीं ओढलेलें तोंड आणि हुंदक्यासारखा आवाज त्यांना अतिरंजित वाटतो. परंतु नाताळच्या सकाळचा प्रसंग आला कीं त्यांच्यापैकींहि कित्येक जण नमतें घेतात. रात्रीच्या पोषाखांतला म्हातारा खोलीभर नाचतो, खुर्चीवर डोकें टेकून पाय वर करतो, आणि त्याची मोलकरीण मिसेस डिल्बर भेदरून पदरवस्त्रांत तोंड लपवीत किंचाळत सुटते. तो तिच्या हातावर एक गिनी ठेवतो. कोणाला कांहीं सांगूं नये म्हणून ही लांच असावी, असें तिला वाटतें. आठवड्याला दोन शिलिंग मिळणारा तिचा पगार तो जागच्या जागीं दहा शिलिंग करतो. कॅथलीन हॅरिसन यांनीं रंगविलेली ही मोलकरीण आणि सिम यांचें न आवरणारें हंसूं यांच्या जोरावर तो प्रसंग तरून जातो. ज्याला विनोदी नट म्हणून लोक ओळखत होते त्यालाच ही भूमिका कां द्यावी, याचें उत्तर तेथें मिळतें. रडणें पुष्कळांना साधतें. साऱ्या आयुष्याचें अडवून धरलेलें हंसूं एका सकाळीं मोकळें करणें थोड्यांनाच साधतें.

लहानसहान दोष काढणारांचीहि वाण नाहीं. कारकुनाचा पांगळा मुलगा टायनी टिम हा इतका अंगानें भरलेला आहे कीं तो आजारी वाटत नाहीं, ही तक्रार जुनी आहे आणि खरीहि आहे. सकाळच्या प्रसंगांत आरशामध्यें स्टुडिओंतील एका माणसाचें तोंड क्षणभर दिसतें, तें शोधून काढणें हा कांहीं घरांतून वार्षिक खेळच होऊन बसला. १९८९ सालीं यंत्राच्या साहाय्यानें या चित्राला रंग चढविण्यांत आले. तेव्हां बहुतेक जाणत्या प्रेक्षकांनीं काळीपांढरी प्रतच पसंत केली. लंडनचें धुकें, मेणबत्तीचा उजेड आणि जिन्यावरची सांवली रंगांत विरघळून जाते, हें त्यांचें म्हणणें पटण्यासारखें आहे. या भूमिकांचा ठसा मात्र पुढेंहि टिकला. १९७१ सालीं रिचर्ड विल्यम्स यांनीं याच कथेवर काढलेल्या व्यंगचित्रपटासाठीं सिम आणि हॉर्डर्न यांनीं आपापल्या भूमिकांना पुन्हां आवाज दिला, आणि त्या चित्राला ऑस्कर पारितोषिक मिळालें. १९७७ सालीं तर एकेकाळचे मार्ले हॉर्डर्न हेच बी. बी. सी. च्या टेलिव्हिजनवर स्क्रूज झाले. सिम हे १९७६ सालींच निवर्तले होते.

इतकीं मतें ऐकल्यावर एक प्रसंग उरतो, ज्याविषयीं मतभेद क्वचित् आढळतो. नाताळच्या दिवशीं स्क्रूज भाच्याच्या घरीं जातो. ज्या घराचें आमंत्रण त्यानें आदल्याच दिवशीं झिडकारलें, त्या घरांत गाणें चाललें आहे. दार उघडणाऱ्या दासीच्या हातीं तो टोपी व कोट देतो, दिवाणखान्याच्या दाराशीं येतो आणि थबकतो. आंत जावें कीं परत फिरावें, हें त्याला ठरवितां येत नाहीं. भुतें आतां नाहींत; कोणी भीति घालीत नाहीं, कोणी ओढून नेत नाहीं. तो मागें वळून त्या दासीकडे पाहतो. तिला त्याचा इतिहास ठाऊक नाहीं. ती किंचित् हंसते आणि जा म्हणून मानेनेंच खुणावते. मग तो दार उघडतो, आणि आजवर जिचें तोंडहि पाहिलें नाहीं त्या भाच्याच्या बायकोजवळ जाऊन क्षमा मागतो.

साऱ्या बोलपटांतील काळोख या दाराशीं येऊन संपतो. तीन आत्म्यांनीं रात्रभर खपून स्क्रूजला त्या दारापर्यंत आणलें. पण दार उघडण्याचें बळ त्याला एका नोकर मुलीच्या मानेच्या हालचालीनें दिलें. रेडिओ सिटीच्या चालकांना जें चित्र सणाला न शोभणारें वाटलें, तें पुढच्या पिढ्यांनीं घरांत घेतलें याचें रहस्य बहुधा हेंच असावें. उशीर झाला असें वाटून दाराबाहेर थबकलेला माणूस प्रत्येक घराच्या ओळखींत असतो. कधीं तो बाहेरून येतो, कधीं तो त्या घरांतलाच असतो. सणाच्या दिवशीं त्याला आंत बोलावण्यास मेजवानी लागत नाहीं, एक मानेची खूण पुरते. ती करावयाची कीं नाहीं, हा प्रश्न पडद्यावरचें चित्र संपलें तरी प्रेक्षकांच्या घरीं उरतो.